वाय-फायचा धंदा: रेडिओची कंपनी नंतर, आधी ब्रिज की राउटर ते ठरवा

पीएम-वाणीला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली आणि किराणावाला, चहावाला, झेरॉक्सवाला कुणीही लायसन्स न काढता ‘पीडीओ’ बनून वाय-फाय विकू शकतो असं झालं. त्यामुळे या लाइनमध्ये येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "सर, रेडिओ कोणत्या कंपनीचा घेऊ?" कंपनी नंतर बघू हो. जाळं स्विचिंगवर चालवणार की राउटिंगवर, ते आधी सांगा.

साध्या भाषेत, ब्रिज किंवा स्विच मोड म्हणजे अख्खा वाडा एकच, मधे भिंत नाही. एकाने हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते. राउटर मोडमध्ये प्रत्येक घर वेगळं आणि मधे दार.

ब्रिज सोपा आहे, हे मान्य. रेडिओची दिशा जुळवली की नेट सुरू. एका दुकानात, हॉटेलात, मंगल कार्यालयात तेच करा. तिथे प्रत्येक ॲक्सेस पॉइंट राउटर मोडला ठेवलात तर माणूस वरच्या मजल्यावर गेला की आयपी बदलतो आणि चालू व्हॉट्सॲप कॉल अडखळतो. काउंटरवरच्या मोबाइलला आतल्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही. मग दिवसभर फोन तुम्हालाच. (गिऱ्हाइकांचं वाय-फाय आणि तुमचं बिलिंग मात्र एकाच छपराखालीसुद्धा वेगळं ठेवा. त्यासाठी व्हीएलॅन आहे.)

पण चार सोसायट्या ब्रिजने जोडून एकच मोठं जाळं करणं मला अजिबात पटत नाही. एखादं गिऱ्हाईक नवा राउटर आणतं आणि तुमची वायर वॅनऐवजी लॅन पोर्टला लावतं. झालं! आता त्याचा राउटर सगळ्यांना चुकीचे आयपी वाटायला लागतो. नेट बंद पडतं चौथ्या सोसायटीत आणि गुन्हेगार बसलाय पहिल्या सोसायटीत. शोधा आता घरोघर. राउटिंग असेल तर हा गोंधळ त्याच इमारतीत अडकतो.

दुसरी गोष्ट हवेतल्या वेळेची. प्रत्येक मोबाइल "अमुक आयपी कुणाकडे?" असं सगळ्यांना ओरडून विचारतो. वायरीत ते खपून जातं, पण ॲक्सेस पॉइंट ही ओरड सहसा कमी स्पीडनेच पुढे पाठवतो, त्यामुळे ती जास्त वेळ खाते. मोबाइल वाढले की लाइन चांगली असूनही नेट रेंगाळतं आणि शिव्या तुम्हाला बसतात.

तिसरी, आयपीची. १९२.१६८.१ च्या नेहमीच्या मालिकेत वापरायला २५४ आयपी मिळतात. बाजारातल्या टपरीवर चहा पिऊन निघून गेलेला माणूससुद्धा लीज संपेपर्यंत त्यातला एक अडवून बसतो. अशा जागी लीज २४ तासांची असेल तर एका तासावर आणा.

राउटिंगला खर्च आहेच. प्रत्येक इमारतीला एक राउटर जास्तीचा, आणि एक संध्याकाळ कागद-पेन घेऊन बसणं. पहिल्या इमारतीला १०.१ ची मालिका, दुसरीला १०.२ ची, असं आधीच लिहून ठेवा. नॅट मात्र फक्त मुख्य ठिकाणी, एकदाच. प्रत्येक इमारतीत नॅट चढवलंत तर सोसायटीचे चेअरमन बाहेरगावी जाऊन गेटचा कॅमेरा बघायला जातील आणि तो उघडणार नाही.