टॉवरचे मोजमाप रात्री व्हावे

कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यात, उमरग्याच्या वाटेवर, खजुरी हे गाव महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून वसले आहे. तेथील माणसाच्या जिभेवर कानडी आणि मराठी सारख्याच सहजतेने नांदतात, आणि त्याच्या खिशातला मोबाइलही कधी या राज्याच्या तर कधी त्या राज्याच्या टॉवरशी सोयरीक जुळवीत असतो. अशा गावाच्या गावठाणालगत नवा टॉवर उभा राहणार अशी वार्ता आली, की रेंज हवी म्हणणारा एक तट आणि कर्करोगाच्या धास्तीने हरकत घेणारा दुसरा तट, असे दोन तट तत्काळ पडतात. आणि जी गोष्ट खरोखर मोजून पाहावी तिच्याकडे मात्र दोहोंचेही दुर्लक्ष होते.

ही धास्ती निराधार आहे असे म्हणून तिची बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2011 साली रेडिओ-लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात बसविले. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक गिरीश कुमार यांनी 2010 च्या अखेरीस दूरसंचार खात्याला धोक्याचा इशारा देणारा अहवाल सादर केला. आणि 2017 साली तर ग्वाल्हेरच्या एका रहिवाशाच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या घराजवळचा टॉवर बंद करण्याचा हुकूम दिला. परंतु ‘कदाचित’ या शब्दाचा अर्थ पुरावा तोकडा आहे एवढाच होतो. शिवाय भारत सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या विकिरणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली. 900 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती दर चौरस मीटरला 0.45 वॅट अशी ठरली. आता 20 वॅटच्या एका वाहक-लहरीला अँटेनाने एका दिशेस पन्नासपट एकवटले, तरी शंभर मीटरवर, थेट झोतात उभ्या असलेल्या माणसावर पडणारी तीव्रता 0.008 वॅटच्या आसपास येते, आणि अशा दहा लहरी एकत्र धरल्या तरी मर्यादेचा पाचवा हिस्साही भरत नाही. उलट, टॉवर जितका दूर तितका कानाशी धरलेला मोबाइल अधिक जोराने प्रक्षेपण करतो, ही गोष्ट हरकतीच्या अर्जात कोणी लिहीत नाही.

परंतु टॉवरच्या पायथ्याशी बसविलेला जनरेटर? वीज गेली की तो सुरू होतो, आणि आपल्या खेड्यांत वीज रात्री जात नाही असे कोण म्हणेल? जानेवारी 2005 नंतर बनलेल्या जनरेटरने आपल्या पेटीपासून एक मीटरवर 75 डेसिबलांची मर्यादा ओलांडू नये असा दंडक आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबलांहून अधिक आवाज असू नये, हा दुसरा दंडक. लहानशा उगमाचा ध्वनी अंतर दुप्पट झाले की सहा डेसिबलांनी उतरतो, हा हिशेब लावला तर 75 चे 45 व्हायला तीसएक मीटर लागतात. आणि जनरेटरची पेटी मोठी असल्यामुळे जवळच्या टप्प्यात तर आवाज इतक्या झपाट्याने उतरतही नाही. म्हणजे पंधरा मीटरवर ज्याचे घर आहे त्याची झोप, पहिला नियम तंतोतंत पाळणारे यंत्रही दुसरा नियम मोडून उडवू शकते. आणि पेटीचे दार तुटले, धुराड्याची नळी फुटली, तर विचारायलाच नको. या उपद्रवाला ‘कदाचित’ची जोड नाही.

जेथे सरकारला मनापासून वाटते तेथे पूर्वपरीक्षा होते, याचा दाखला जुन्नर तालुक्यात आहे. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांना बाधा पोहोचू नये म्हणून पुणे-नाशिक द्रुतगती रेल्वेचा नियोजित मार्गदेखील बदलण्याचे केंद्राने ठरविले. तेथील निकष आरोग्याचे नव्हेत, आकाशगंगांच्या क्षीण संदेशांचे आहेत, हे खरे. पण बांधण्याआधी तपासावे हे तत्त्व तेथे मान्य झाले, आणि खजुरीच्या माणसाची झोप आकाशगंगेहून कमी मोलाची आहे असे कोणत्याही सनदेत लिहिलेले नाही.

खेड्यात मात्र क्रम उलटा आहे. खासगी जागेवर टॉवर उभारायचा तर 2022 च्या दुरुस्तीनंतर स्थानिक संस्थेच्या परवान्याची गरज उरली नाही, लेखी सूचना पुरते. विकिरणाचा दाखला कंपनी स्वतःच देते, आणि दूरसंचार खात्याची माणसे काही टॉवरांच्या ठिकाणीच त्याची पडताळणी करतात. ज्याला शंका असेल त्याने ‘तरंग संचार’ या सरकारी संकेतस्थळावर चार हजार रुपये भरून मोजणी मागावी, अशी सोय आहे.

म्हणून ग्रामपंचायतीने कंपनीकडे काही गोष्टी लेखी मागाव्यात: जनरेटर कोणत्या बाजूस बसणार, जवळच्या घरापासून किती अंतरावर, त्याच्या पेटीचा ध्वनिदाखला कोठे आहे, आणि बॅटऱ्यांवर किती तास निभावेल. पहिल्या महिन्यातच, रात्री अकरानंतर, जनरेटर चालू असताना, सर्वांत जवळच्या घराच्या अंगणात आवाजाची आणि त्याच्या गच्चीवर लहरींची मोजणी, पंचांसमक्ष व्हावी, आणि आकडे पंचायतीच्या फलकावर कानडीत व मराठीत लागावेत. मोजणीचा खर्च, त्या चार हजारांसकट, जमीनमालकाला दरमहा भाडे देणाऱ्या कंपनीने सोसावा. ज्याच्या भिंतीला जनरेटर खेटला आहे त्याच्याकडून तो वसूल करण्याचे कारण नाही.