पाणी रेल्वेने आले, धान्यही रेल्वेनेच येते

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. ती बातमी देशभर गाजली. आपल्या वस्तीतले रेशनही लांबून रेल्वेनेच येते, त्याची मात्र बातमी होत नाही.

रेशनचा बराचसा गहू-तांदूळ पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश, छत्तीसगड अशा राज्यांतून येतो. पंजाबात बोअर चालवायला वीज लागते, युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो. मग रेल्वे, गोदाम, ट्रक. उलट नांदेड-लातूरच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. मोटार लावावी लागत नाही आणि कडबा जनावरांना होतो.

मग ती आपल्या ताटातून गेली कशी? खरिपाची ज्वारी सोयाबीनने मागे सारली, पाणी ऊस पिऊन गेला. आज ज्वारी विकत घ्यावी लागते, रेशनचा गहू फुकट मिळतो. अशा वेळी 'भाकरी खा' असा नुसता उपदेश आयाबायांना करणे मला पटत नाही. चूक त्यांची नाही.

मनात आणखी एक गाठ आहे. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आजी-आजोबांनी परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली. भाकरी म्हणजे गरिबी आणि चपाती म्हणजे प्रतिष्ठा, हे तेव्हाच्या पिढीच्या मनात बसले. ही गाठ आता सोडू या. पांढऱ्या तांदळापेक्षा ज्वारीत तंतू आणि लोह कितीतरी जास्त असते. अंगात रक्त कमी असलेल्या मुलींनी भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी घ्यावी, वर लिंबू पिळावे. त्याने लोह अंगी लागते. शुगर असलेल्यांनाही भातापेक्षा भाकरी बरी, पण तीही मोजूनच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र कोणीही बंद करू नयेत.

माझे म्हणणे सरळ आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरड धान्यही आहे. म्हणून रेशनवर ज्वारी मागणे ही भीक नव्हे, हक्काची गोष्ट आहे. सरकारने ती इथल्याच शेतकऱ्याकडून हमीभावाने घ्यावी आणि इथेच वाटावी. शेतकऱ्याला भाव मिळेल, काढणीला आपल्या मजूर बायांना काम मिळेल, डिझेल वाचेल.

महिला मंडळांनी, बचत गटांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. सह्यांचा अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्यावा आणि पोच घ्यायला विसरू नये. जयभीम.