प्रमाणपत्रांची चलनवाढ

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि महाविद्यालयांची दारे बंद होताच, एरवी वर्षाकाठी एखादे चर्चासत्र भरविताना ज्यांची दमछाक होत असे अशा संस्थांनीही वेबिनारांचा सपाटा लावला. विषयांना अंत नव्हता, वक्त्यांना तोटा नव्हता आणि प्रवासभत्ता, भोजन, निवास हा खर्चच उरला नसल्याने प्राचार्यांनाही हरकत घेण्याचे कारण नव्हते. टाळेबंदी सरली, वेबिनार मात्र मुक्कामाला राहिला.

त्याची रीत आता सर्वांच्या परिचयाची आहे. व्हॉट्सॲपच्या गटांतून दुवा फिरतो, नोंदणी होते, वक्ता काळ्या चौकोनांना उद्देशून बोलतो आणि अखेरीस अभिप्रायाचा तक्ता भरणाऱ्यास ई-प्रमाणपत्र पोहोचते. मधल्या दोन तासांत तो कुठे होता, याची चौकशी कोणी करीत नाही. ज्या वस्तूचा उत्पादनखर्च जवळजवळ शून्य आहे आणि जिच्या पुरवठ्यावर कसलेही बंधन नाही, तिचे मोल टिकत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. खोटे नाणे खऱ्यास चलनातून हुसकावते. गांभीर्याने भरविलेल्या चर्चासत्राचे प्रमाणपत्रही आज त्याच गठ्ठ्यात पडते.

मग मागणी टिकते कशामुळे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत निबंधवाचनासाठी राज्य पातळीवर २, राष्ट्रीय पातळीवर ३ आणि देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी ५ गुण ठरविण्यात आले. परदेशी स्थायिक झालेला एखादा माजी विद्यार्थी पडद्यावर पाच मिनिटे दिसला की परिषद ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणविण्यास मोकळी! दोष माध्यमाचा नव्हे, मोजमापाचा आहे. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने विद्यार्थ्यांची समाजमाध्यमांवरील खाती संस्थेच्या व मंत्रालयाच्या खात्यांशी जोडण्यास सांगितले, तेव्हाही भर अध्यापनापेक्षा प्रसिद्धीवरच अधिक होता.

या गदारोळात विद्यार्थी कोठे आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के, तर शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक ग्रामीण भागात जेमतेम ४ टक्के घरांत होता. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार झपाट्याने झाला, हे खरे. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलीच्या हाती सलग दोन तास असणे, या भिन्न गोष्टी आहेत. परीक्षेच्या अर्जाची मुदत रात्री दहा वाजता केवळ व्हॉट्सॲपवर कळविणारे महाविद्यालय तिला नकळत वर्गाबाहेर काढते. सूचनाफलकापुढे उभे राहण्यास निदान फोन लागत नव्हता.

या माध्यमाचा खरा लाभ मात्र नाकारण्याजोगा नाही. आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ उपक्रमाची व्याख्याने तालुक्याच्या गावी बसून, पुनःपुन्हा थांबवून ऐकता येतात. ग्रंथालयात चार जुनी पुस्तके असणाऱ्या महाविद्यालयास ही देणगीच आहे. तथापि त्या व्याख्यानानंतर शंका विचारण्यास समोर शिक्षक लागतो, आणि राज्यातील कित्येक महाविद्यालयांत ते पद रिक्त आहे वा तासिका तत्त्वावर भागविले जात आहे.

विद्यापीठांनी एक वर्षापुरती आभासी कार्यक्रमांची प्रमाणपत्रे बंद करून पाहावीत. पाचशेंची नोंदणी पन्नासांवर येईल, अहवालातील आकडे रोडावतील, मूल्यांकनाच्या वेळी काही प्राचार्यांची पंचाईतही होईल. वक्त्याला मात्र प्रथमच कळेल की, पलीकडे कोणीतरी ऐकत आहे.