धातूची किंमत अधिक एक-पंचमांश

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. प्राचीन नाण्यांच्या हौसेला मात्र मोल असते. ते लिलावात हातोडा आपटून ठरते आणि कोणाच्या खिशात जायचे हेही आधीच ठरलेले असते. ज्याच्या फावड्याला ते नाणे प्रथम लागले, तो माणूस या सगळ्या व्यवहारात कोठेच नसतो. प्रस्तुत लेख त्या गैरहजर माणसाविषयी आहे.

मानसरोवर आणि खांदेश्वर या दोन स्थानकांच्या मधल्या आमच्या कामोठ्यात बँकेतले, विम्यातले, संगणकाच्या कंपन्यांतले लोक हप्त्यांवर घरे घेऊन राहतात. त्यांतल्या काहींच्या कपाटांत हल्ली ऑगस्टस आणि टायबेरिअस हे रोमन सम्राट मखमलीच्या खणांत बसलेले आढळतात. कोणी ते मुंबईच्या दलालाकडून घेतलेले असतात, कोणी लिलावगृहाच्या गुळगुळीत छापील सूचीवरून, तर कोणी घरबसल्या लंडन-म्युनिकच्या लिलावात बोली लावून. हे लोक चोर नाहीत. वाचणारे, विचार करणारे, मुलांना इतिहास सांगणारे आहेत. त्यांतले एखाददुसरे या साप्ताहिकाचे वर्गणीदारही असतील. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ आहे. दलालाशी वाद घालण्यात नाही.

संग्राहक मित्र नाणे तळहातावर ठेवून म्हणतो, ‘दोन हजार वर्षांचा इतिहास मी हातात धरला आहे.’ कोणाचा इतिहास? पॉलिबिअसने दिलेला आणि स्ट्रेबोने जपून ठेवलेला एक दाखला आहे. स्पेनमधील नव्या कार्थेजच्या रुप्याच्या खाणींत चाळीस हजार माणसे राबत होती आणि रोमन जनतेला त्यांतून दररोज पंचवीस हजार द्रम्मांचे उत्पन्न होत होते. अशा खाणींतील गुलामांना मरणाखेरीज दुसरी सुटका नव्हती, हे डायोडोरसने लिहून ठेवले आहे. त्या रुप्याचे दिनारिअस पाडले जात आणि ऑगस्टसच्या काळात साध्या शिपायाला त्यांपैकी वर्षाला २२५ मिळत. सूचीमध्ये ‘अत्युत्तम स्थिती, सुंदर मुखवटा’ एवढेच छापलेले असते. चाळीस हजारांचा उल्लेख कोठल्याही सूचीत मला आजवर दिसलेला नाही.

रोमन नाण्यांचा आणि आपला संबंध काय, असेही कोणी विचारील. संबंध या भूमीतूनच जातो. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्सेस ओढून नेतो आणि आपला माल आम्हाला शंभरपट किमतीने विकतो, अशी थोरल्या प्लिनीची तक्रार प्रसिद्ध आहे. (मक्तेदारांच्या नफ्याविरुद्ध ओरड करणारा प्लिनी स्वतः मोठा जमीनदार होता, हे जाता जाता.) ‘पेरिप्लस’ या ग्रंथाच्या अज्ञात ग्रीक लेखकाने शूर्पारक, कल्याण आणि चौल ही बंदरे एका दमात सांगितली आहेत. पैठण आणि तेर येथून गाड्यांनी माल भडोचला जाई, आणि रोमन सोन्यारुप्याची नाणी तेथे स्थानिक चलनाशी बदलून नफा होई, हेही त्याने नोंदले आहे. कल्याणला चुकून शिरलेले ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेत, यावरून त्या नफ्यासाठी दोन राजसत्ता कशा झोंबत होत्या याची कल्पना येते. घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. तेरला तर रोमन नाण्याची भाजक्या मातीतली नक्कल मिळते, गळ्यात अडकवायला वर कडी असलेली. सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने सम्राटाचा मुखवटा मातीत उठवून घेतला. माझ्या दृष्टीने त्या मातीच्या ताइताइतके बोलके ‘रोमन नाणे’ दुसरे नाही; लिलावात मात्र त्याला फारसे कोणी विचारणार नाही.

आणि आपल्या घरची नाणी? क्षत्रप नहपानाच्या रुप्याच्या नाण्यावर पाश्चात्त्य धर्तीचा मुखवटा आहे आणि त्याचे नाव ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांत आहे. त्याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात कोरवून ठेवले आहे की, भिक्षूंच्या चीवरादी गरजांसाठी तीन हजार कार्षापण त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. राजाच्या जावयाची ठेव ठेवून घेण्याइतकी पत त्या काळी विणकरांच्या संघटनेला होती. नाणे म्हणजे काय, हे समजायचे असेल तर त्या शिलालेखापुढे अर्धा तास उभे राहावे. त्यासाठी बोली लावावी लागत नाही.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या नाण्यांचा ठेवा सापडला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी होती. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली, तेव्हा दिसून आले की त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाचे राज्य बुडाले आणि त्याच्याच चलनावर सातवाहनांची मोहोर उमटली, हे एवढ्या निःसंदिग्धपणे सांगणारा दुसरा पुरावा नाही. आता कल्पना करा की, हा ठेवा सापडला त्याच रात्री एखाद्या दलालाने तो उचलला असता आणि पाच-पाच, दहा-दहा नाणी करून सात शहरांत विकली असती. नाणी तीच राहिली असती. पुरावा नष्ट झाला असता. पुरावा एका नाण्यात नसतो. तो ठेव्याच्या एकत्रपणात असतो: कोणत्या मडक्यात, कोणत्या थरात, कोणाच्या शेजारी, किती झिजलेले. दामोदर कोसंबींनी तक्षशिलेच्या ठेव्यांतील आहत नाणी एकेक करून तोलली. नाणे जितके फिरते तितके झिजते, या साध्या नियमाला त्यांनी संख्याशास्त्राची जोड दिली आणि मुक्या रुप्याकडून कालक्रम वदवून घेतला. त्यांच्या हाती ठेवे अखंड आले म्हणूनच हे शक्य झाले. दलालाच्या डबीतले सुटे नाणे तोलून कोसंबींनाही काही सांगता आले नसते.

‘आम्ही कागदपत्रे पाहूनच घेतो,’ असे संग्राहक सांगतात. २०२० साली लंडनच्या एका लिलावात ब्रूटसचे सोन्याचे नाणे बत्तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून त्यावर दोन खंजीर आणि मुक्त झालेल्या गुलामाची टोपी आहे. ते एका जुन्या संग्रहातून आल्याची ग्वाही होती. ती ग्वाही बनावट निघाली, लिलावगृहाच्या मालकाला अटक झाली आणि २०२३ साली न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ते नाणे ग्रीसला परत केले. जगातल्या सर्वांत गाजलेल्या नाण्याच्या कागदांची ही कथा, तर चार हजार रुपयांच्या दिनारिअसबरोबर येणाऱ्या चिठ्ठीचे काय सांगावे! सीरियातील अपामिया या रोमन नगरीची उपग्रहांनी टिपलेली छायाचित्रे पाहावीत. यादवी युद्ध सुरू झाल्यावर ते सारे पठार अक्षरशः हजारो खड्ड्यांनी चाळणीसारखे झाले. ते खड्डे खणणाऱ्याला रोजी मिळाली असेल. त्यातून निघालेला माल कोठे गेला, याची चौकशी बाजार करीत नाही.

आता आपल्या घरच्या कायद्याकडे येऊ. माझा खरा रोष येथे आहे.

जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाविषयीचा आपला कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर कलेक्टरला कळवावे. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. ठेव्यावर कोणाचा सिद्ध हक्क नसेल आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याचे आणि एक-चतुर्थांश मालकाचे. येथवर कायदा उदारच वाटतो. पण सरकारला ती वस्तू स्वतःकडे घ्यायची असेल तर किती द्यावे? कलम १६ सांगते: धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. म्हणजे सातवाहनांचे शिशाचे नाणे एखाद्या शेतमजुराला सापडले आणि त्याने ते इमानेइतबारे सरकारात जमा केले, तर भंगारवाल्याकडे शिशाला जो भाव, तो आणि वर एक-पंचमांश! दोन-चार रुपये. तेच नाणे दलालाकडे नेले तर शेकडा, आणि लिलावात चढले तर हजार. प्रामाणिकपणाला भंगाराचा दर आणि चोरीला बाजाराचा, अशी व्यवस्था ज्या कायद्याने केली आहे, त्याच कायद्याचे अधिकारी मग ‘खेड्यापाड्यांतले लोक ठेवे दडवतात’ म्हणून खेद व्यक्त करतात.

कामोठ्याच्या माणसाला हा हिशेब नवा वाटू नये. १९७० साली या पट्ट्यातील ९५ गावांवर भूसंपादनाची मोहोर उठली. भातखाचरे आणि मिठागरे त्यांच्या ‘शेतीच्या किमतीने’ घेतली गेली, वर कायद्याने ठरवलेली दिलाशाची टक्केवारी. त्याच खाचरांवर पुढे भूखंड पडले आणि ते नगरीच्या दराने विकले गेले. मधला फरक कोणाचा, या एका प्रश्नावर १९८४ च्या जानेवारीत जासई-नव्हाशेव्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि पाच जणांनी पोलिसांच्या गोळ्या झेलल्या. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. वस्तूची किंमत घेणाऱ्याने ठरवायची, तीही तिच्यातला कच्चा माल तोलून, आणि पुढचा सारा वाढावा मधल्यांनी खायचा, हीच रीत जमिनीला लावली गेली आणि जमिनीखालच्या नाण्यालाही. फरक एवढाच की, नाणे सापडवणाऱ्याची संघटना नाही.

शिवाय या नव्या नगरीसाठी किती माती उपसली गेली! खाडीकाठ भरले गेले, विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवली गेली. कल्याण, शूर्पारक, चौल आणि घारापुरी यांच्यामधला हा मुलूख. त्याच्या पोटात काय होते, ते यंत्राच्या पात्याला ठाऊक आणि त्यावर बसलेल्या कंत्राटी कामगाराला. त्याला कोणी विचारले नाही. आणि त्याने सांगितले असते तर काम थांबले म्हणून त्याचीच हजेरी कापली गेली असती.

संग्राहकांचा सर्वांत जोरदार मुद्दा मी टाळू इच्छित नाही. सरकारी वस्तुसंग्रहालयांतली नाणी पोत्यांत पडून आहेत, यादी नाही, किल्ली कोणाकडे ते माहीत नाही. आमच्याकडे निदान ती जपली जातात, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. पण सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून दवाखान्याची खाट घरी नेण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही. आणि खाजगी जपणूक लोकांची कशी होते, याचा दाखला आपल्याकडेच आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावकऱ्यांना शेतात, पांढरीत सापडलेल्या वस्तू वर्षानुवर्षे गोळा केल्या. तो संग्रह आज शासनाचे वस्तुसंग्रहालय म्हणून तेरलाच उभा आहे. वस्तू ज्या मातीतल्या, त्याच गावात. आणि पाहायला कोणीही जावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे. ज्यांना खरोखर अभ्यास करायचा आहे त्यांना दार बंद नाही. अभ्यासाला मालकी लागत नाही. मालकी लागते ती दाखवायला आणि चढ्या भावाने पुन्हा विकायला.

तेव्हा करायचे काय? १९७२ च्या पुरावशेष कायद्याने निर्यात रोखली आहे आणि दलालाला परवाना सक्तीचा केला आहे. परंतु ज्या वस्तूंची नोंदणी प्रत्येक मालकाने करायची त्या यादीत मूर्ती आहेत, चित्रे आहेत, सचित्र पोथ्या आहेत, नाणी नाहीत. सुटी नाणी सोडा, पण ठेव्यांची आणि लिलावात येणाऱ्या प्रत्येक प्राचीन नाण्याच्या पूर्वमालकीची नोंद सक्तीची व्हावी, ही मागणी दिल्लीकडे. गुप्तधनाच्या कायद्यासाठी मात्र दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत गुप्तधन हा विषय राज्यसूचीत, ४४ व्या क्रमांकावर आहे. ज्या इंग्रजांनी आपल्याला १८७८ चा कायदा दिला, त्यांनी स्वतःच्या घरी १९९६ साली नवा कायदा केला. तेथे तज्ज्ञांची समिती बाजारभाव ठरवते आणि वस्तुसंग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तो पूर्ण भाव सापडवणाऱ्याला व जमीनमालकाला देते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाला कलम १६ मधले ‘धातूची किंमत’ हे शब्द खोडून ‘बाजारभाव’ लिहिण्यास कोणाची आडकाठी आहे? त्याच दुरुस्तीत आणखी दोन गोष्टी याव्यात. ठेवा कळवणाऱ्या मजुराचा खोळंबलेल्या दिवसांचा रोज कंत्राटदाराने द्यावा. आणि पाच एकरांवरील कोणत्याही उत्खननाच्या कंत्राटात पुरातत्त्व खात्याच्या माणसाची हजेरी ही अट असावी.

संग्राहक मित्रांसाठी एकच प्रश्न सुचवतो. पुढल्या वेळी दलालाने डबी उघडली की भाव विचारण्याआधी विचारा: हे कोणाला, कोठे सापडले आणि त्याला किती मिळाले? तीन उत्तरांपैकी एकही न मिळाल्यास डबी बंद करून परत द्या. पनवेल, उरण आणि अलिबाग तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी आपापल्या भागातील बांधकाम मजुरांच्या बैठकीत १८७८ चा कायदा मराठीत वाचून दाखवावा आणि दुरुस्तीच्या मागणीवर त्यांच्या सह्या गोळा कराव्यात. अशासकीय विधेयकाचा मसुदा दोन पानांत मावतो. तो येत्या अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांच्या हाती पोचला पाहिजे.