सूर्य ३९ मिनिटं मागे

जानेवारीत विरारला सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमारास. तोवर कितीतरी लोकल अंधारातच भरून निघालेल्या असतात. नालासोपाऱ्याची माणसं बसायला मिळावं म्हणून आधी उलटं विरारला येतात, खिडकी पकडतात आणि गाडी हलायच्या आत डोळे मिटतात. रोजचा ग्रुप असला की चिंता नाही, "अहो उठा, अंधेरी आली" म्हणणारं कुणीतरी असतंच.

या झोपेला आळस म्हणणाऱ्याने चारचा गजर कधी लावलेला नसतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, स्वप्नांची पहाटेकडे वाढत जाणारी. गजर कापतो तो हा दुसरा भाग.

त्यात आपलं घड्याळ मुळातच पुढे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, मिर्झापूरकडची. वसई तिथून जवळजवळ दहा अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य ३९ मिनिटं मागे. मुंबईला हे चांगलं ठाऊक होतं. १९०६मध्ये देशाची वेळ ठरली, तरी 'बॉम्बे टाइम' १९५५पर्यंत टिकून राहिला. नंतर भिंतीवरची घड्याळं बदलली, मेंदूतलं बदललं नाही.

डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथेच वर हजारो पेशींचा बारीक पुंजका असतो, तेच हे मेंदूतलं घड्याळ. त्याचा दिवस बहुतेकांत २४ तासांहून किंचित मोठा. सकाळचं ऊन त्याला रोज ताळ्यावर आणतं, संध्याकाळचा उजेड झोप पुढे ढकलतो. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या मुलांची आकडेवारी तपासली, तेव्हा सूर्यास्त तासभर उशिरा असेल तिथे मुलं साधारण अर्धा तास कमी झोपतात असं दिसलं. झोपायला उशीर होतो, शाळेची घंटा मात्र वेळेवर होते.

फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश काढला. चांगलंच केलं. पण शरीराचं घड्याळ उशिराकडे सरकू लागतं ते वयात येताना. आठवी-नववीच्या पोराला रात्री अकराला झोप येत नाही, यात मोबाइलचा हात असेलच, पण सगळा दोष त्याचा नाही. वन रूम किचनमध्ये आईच्या डब्यासाठी पहाटे लागलेला दिवा त्याच्याही डोळ्यांवर येतो. सकाळच्या शाळेत सातला प्रार्थनेला जांभया देत उभी असतात ती हीच पोरं, आणि नऊचा आदेश त्यांना लागू नाही.