कव्हर कशाचं?

मराठी शाळेच्या गृहपाठात माझ्या मुलीला दहा इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहायचे होते. नऊ झाले, दहावा उरला, 'कव्हर'. तिने मला विचारलं. मी फोडणी देता देता सांगून टाकलं, "झाकण." तिच्या बाबांनी आतून सुधारणा केली, "आवरण लिही." शेवटी ती आजीकडे गेली. माझ्या सासूबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारलं, "कशाचं कव्हर गं?"

प्रश्न बरोबर होता. पातेल्यावर असतं ते झाकण, उशीला घालतो तो अभ्रा, गादीची ती खोळ. पत्राचं पाकीट, पुस्तकाचं वेष्टण, मासिकाचं मुखपृष्ठ, ट्रकवरची ताडपत्री. पावसाळ्याआधी कौलं नीट करून घेतात ते घर शाकारणं, भातलावणीच्या पावसात डोक्यावरून पाठीवर घेतात ते इरलं. रोपाच्या बुडाशी पालापाचोळा पसरतात ते आच्छादन. अंगावर घेतो ते पांघरूण, आणि त्यातही गोधडी वेगळी, दुलई वेगळी, घोंगडी वेगळी. मुलीच्या वहीत एका ओळीच्या जागी पान भरलं.

मला सर्वांत आवडला तो 'गवसणी'. तंबोऱ्यावर घालतात ती कापडी खोळ म्हणजे गवसणी. आपल्याकडे स्पेलिंग बी जिंकलेल्या मुलांच्या सत्कारात कोणी ना कोणी हमखास म्हणतं, "यांनी आकाशाला गवसणी घातली." ऐकणाऱ्या मुलांना वाटतं, गवसणी म्हणजे उंच झेप असणार. खरं तर आकाशालाच खोळ शिवायला निघालेल्या माणसाचं ते चित्र आहे.

पण मी इथे 'मराठी शब्द वाचवा' असा लेख लिहायला बसलेली नाही. 'उशीचं कव्हर धुवायला टाक' असंच मीही म्हणते. जून महिन्यात खाकी कागद आणून पुस्तकांना आपण 'कव्हर'च घालत होतो, आणि क्रिकेटच्या मैदानावर कव्हर हा कव्हरच असतो. तो शब्द आता आपलाच झाला आहे. मला सांगायचं आहे ते आजींच्या प्रश्नाबद्दल. 'कव्हर' म्हणताना नेमकं कशावर, कोण आणि कशासाठी झाकतंय, हे विचारायची सवय आपल्याला नाही. त्याची किंमत आपण इथे मोजतो आहोत.

इंग्रजीतही या शब्दाचं गणगोत मोठं आहे. लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून तो इंग्रजीत आला. आपण वर्तमानपत्रात वाचतो तो 'कर्फ्यू' त्याच घरातला. मूळ फ्रेंच अर्थ 'आग झाका'. मध्ययुगीन युरोपात संध्याकाळी घंटा झाली की घरोघरी चुलीतला विस्तव झाकायचा, म्हणजे रात्री आग लागायची नाही. 'हँडकरचीफ'मधला 'करचीफ' म्हणजे डोकं झाकायचं वस्त्र. 'डिस्कव्हर' म्हणजे झाकण काढणं, आपण 'उघडकीस आणणं' म्हणतो तसंच. आजारातून बरं होण्याचा 'रिकव्हर' मात्र दिसायला सारखा असला तरी या कुळातला नाही, त्याचं मूळ वेगळं.

अमेरिकेत तर या शब्दाची छटा प्रत्येक पिढीगणिक बदलत गेली. 1950च्या दशकात इथल्या शाळकरी मुलांना अणुबाँबपासून वाचण्यासाठी बाकाखाली शिरून डोकं झाकायला शिकवायचे, 'डक अँड कव्हर'. त्यासाठी बर्ट नावाच्या कासवाचं कार्टूनही काढलं होतं. आपली मुलं भूकंपासाठी 'ड्रॉप, कव्हर अँड होल्ड ऑन' शिकतात आणि बंदूकधारी माणूस शाळेत शिरला तर काय करायचं याचाही सराव करतात. आपण लहानपणी 'कव्हर' शब्द खाकी कागदाच्या वासाबरोबर शिकलो, ती तो दिवे बंद करून वर्गाच्या कोपऱ्यात बसून शिकली. एकाच घरात राहून आपण आणि ती हा शब्द सारख्या अर्थाने ऐकत नाही, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडे झाकण्याबद्दल दोन म्हणी आहेत. एक, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरी, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. परदेशात आलेल्या आपल्यातल्या बहुतेकांनी पहिली म्हण सामानात बांधून आणली आणि दुसरी तिकडेच ठेवली.

एक प्रसंग सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आपल्या परिसरातल्या एका गृहस्थांची नोकरी गेली. त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. रोज सकाळी लॅपटॉपची बॅग घेऊन ते ग्रंथालयात जाऊन बसत. मुलांनाही सांगून ठेवलं होतं, बाहेर बोलायचं नाही. विम्याचे कागद टपालाने आले, ते हप्ता परवडत नाही आणि नोकरी लागेलच म्हणून बाजूला पडले. गणपतीत ते सहकुटुंब आले, पंगतीत बसले, हसले, जेवले. पाचव्या महिन्यात मुलाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन करावं लागलं. मूल बरं झालं, पण बिलाने घर हललं.

त्या पंगतीत त्यांच्या शेजारी जेवत होता तो माणूस एका कंपनीच्या बेनिफिट्स विभागात काम करतो. विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं. नोकरी गेली की साधारण 20 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीतला आरोग्य विमा 'कोब्रा' कायद्याखाली सहसा 18 महिने चालू ठेवता येतो. हप्ता महाग असतो, कारण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा आणि वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च. पण होकार कळवायला किमान 60 दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत कळवून मागचे हप्ते भरले की विमा बंद पडला त्या दिवसापासून लागू धरतात. सरकारी मार्केटप्लेसमधून नवा विमा घ्यायलाही नोकरीचा विमा गेल्यापासून 60 दिवसच असतात. उत्पन्नाच्या अटीत बसत असाल तर मुलांसाठीच्या 'चिप' योजनेला वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. आणि एच-वन-बी व्हिसावर असाल, तर नवी नोकरी शोधायला किंवा पुढची सोय करायलाही जास्तीत जास्त 60 दिवसच मिळतात.

म्हणजे पाहा, या देशात मूठ फार दिवस झाकून ठेवायची सोयच नाही. दोन महिन्यांत उजाडतं. इंग्रजीत 'आर यू कव्हर्ड?' हा प्रश्न इथला कारकूनही सहज विचारतो. आपण चाळीस घरं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतो, एकमेकांच्या पुरणपोळ्या खातो, आणि हा प्रश्न एकमेकांना विचारत नाही, कारण तो आपल्याला 'खासगी' वाटतो.

झाकण्याची दुसरी तऱ्हा याहून सूक्ष्म आहे. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 साली तिला 'कव्हरिंग' असंच नाव दिलं. आपलं वेगळेपण सगळ्यांना ठाऊक असतं, तरी ते डोळ्यांवर येऊ नये म्हणून माणूस धडपडतो, ते कव्हरिंग. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे पाय पोलिओने अधू झाले होते हे मंत्र्यांना माहीत होतं, तरी मंत्री आत यायच्या आधी ते टेबलामागे बसलेले असत. जपानी वंशाचे अमेरिकन कायदेतज्ज्ञ केन्जी योशिनो यांनी 2006 साली याच नावाचं पुस्तक लिहून दाखवून दिलं की असं सतत झाकत राहावं लागणं हाही एक अन्यायच आहे.

आपल्या पिढीने ऑफिसात हेच केलं. नाव तोडून दोन अक्षरी केलं, डब्यातली लसणीची चटणी घरी ठेवली, उच्चार घासूनपुसून घेतले. त्याबद्दल आपण मुलांना अभिमानाने सांगतोही. पण दुसऱ्या पिढीतल्या वाचकांनो, तुमचं झाकणं दुहेरी आहे हे आम्हाला उशिरा कळतंय. शाळेत तुम्ही मराठीपण झाकता आणि घरी अमेरिकनपण. मेडिकलला जायचं नाही हे झाकता, कोणी आवडतं हे झाकता, मन लागत नाही, रात्र रात्र झोप येत नाही, हेही झाकता. आणि हे तुम्ही आमच्याकडूनच शिकलात. 'लोक काय म्हणतील' हे वाक्य मराठी शाळेत न जाणाऱ्या मुलालाही येतं.

यावर कोणी म्हणेल, चारचौघांत सगळं उघडं करून कसं चालेल? मंडळात बातमी फुटायला वेळ लागत नाही, आणि उघड्या मुठीकडे बघून हसणारे आपल्यातही आहेत. हे खरं आहे. झाकणारा माणूस मूर्ख नसतो, त्याला आपला अनुभव असतो. म्हणून 'सगळ्यांनी मोकळेपणाने बोला' असा उपदेश त्या गृहस्थांना करणं मला पटत नाही. बदल ऐकणाऱ्यांनी आधी करायचा आहे.

इथे आजींचे शब्द उपयोगी पडतात. झाकण आणि पांघरूण, दोन्हींना इंग्रजीत कव्हर म्हणता येईल. पण झाकण आतली वाफ कोंडतं. पांघरूण रात्री दुसरं कोणी उठून आपल्या अंगावर घालतं, तेव्हा आपण बहुधा झोपेत असतो. 'चुकांवर पांघरूण घालणं' असं आपण म्हणतो तेव्हा त्यात लपवाछपवी असते हे मान्य, पण मायाही असते. 'पदराखाली घेणं' हाही त्याच जातीचा शब्द. माणसाला झाकायचं ते ऊब मिळावी म्हणून, हा त्यातला अर्थ आपण धरून ठेवला पाहिजे.

मंडळाने काय करावं, याबद्दल माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, विमा, व्हिसा आणि नोकरी यांची माहिती असलेल्या तीन-चार जणांची नावं प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापावीत. ऐकलेलं बाहेर जाणार नाही, ही त्यांची पहिली अट असावी. दोन, भारतातून आई-वडील येण्याआधी त्यांच्या प्रवास विम्यात जुन्या आजारांचं काय, हे समजावून सांगणारी एक बैठक दर वसंतात व्हावी. तीन, युवा गटाला एक संध्याकाळ अशी द्यावी की जिथे आई-बाबा नसतील, स्पर्धा नसेल आणि 'पुढे काय करणार?' हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

आणि सूचना नको असतील, तर निदान आजींचा प्रश्न घ्या. या दिवाळीत फराळाला कोणाकडे जाल, तेव्हा 'सगळं मजेत' हे उत्तर ऐकून लगेच चकलीकडे वळू नका. थोडं थांबा. समोरचा काही बोलला तर ऐका, आणि ऐकलेलं तिथेच ठेवा.

त्या गृहस्थांना पुढे नोकरी लागली. कशी लागली, ते मला नंतर कळलं. ऑपरेशननंतर त्यांच्या मुलानेच मराठी शाळेतल्या मित्राला सगळं सांगितलं होतं, आणि त्या मित्राच्या वडिलांनी गाजावाजा न करता दोन फोन केले होते.