डॉक्टर जेव्हा डॉक्टरांत बसतात

डॉक्टर मंडळी एकत्र जमली म्हणजे आपापसांत काय बोलत असतील, हे कुतूहल प्रत्येक रोग्याच्या मनात असते. वकील जमले की अशिलांच्या गोष्टी सांगतात, मास्तर जमले की मुलांच्या नावाने बोटे मोडतात, आणि आम्ही प्राध्यापक जमलो की जे हजर नसतील त्यांच्याविषयी बोलतो. त्यात कुणाला काही वाटत नाही. पण सकाळी ज्याने आपल्याला 'जीभ दाखवा' म्हणून दरडावले, तोच गृहस्थ संध्याकाळी मसाला दुधाचा पेला हातात धरून दुसऱ्या डॉक्टरला टाळी देताना दिसला, की मनात पाल चुकचुकते. आपल्याच जिभेची हकीकत तर चालली नसेल ना?

दिवाळीच्या तोंडावर हा विषय सुचायला कारण आहे. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक थट्टेने म्हणत. या दिवसांत ताप-खोकल्याचे रोगी वाढतात आणि वैद्याची चूल चांगली पेटते. डॉक्टरांच्या मंडळांनाही हाच मोसम मानवतो. जिल्ह्याच्या गावी त्यांची कोजागिरी होते, कुणी नाट्यगीत म्हणतो, कुणाच्या सौभाग्यवती बटाटेवड्यांची देखरेख करतात, आणि मुंबई-पुण्याचा एखादा तज्ज्ञ पाहुणा व्याख्यान देतो. पुढे धनत्रयोदशीला वैद्य मंडळी धन्वंतरीची पूजा करून धने-गुळाचा प्रसाद वाटतात. बाहेरच्याला यात नुसती मौज दिसते. पण ही प्रथा आहे फार जुनी, आणि तिच्या मुळाशी मौजेपेक्षा अधिक काही आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात या बैठकीला एक सुरेख नाव दिलेले आहे: 'तद्विद्यसंभाषा'. म्हणजे तीच विद्या जाणणाऱ्याशी केलेले बोलणे. वैद्याने वैद्याशी बोलावे, त्याने ज्ञान वाढते, वाणी सुधारते, पूर्वी ऐकलेल्या गोष्टींविषयीच्या शंका फिटतात, असे चरक सांगतो. आणखीही एक फायदा त्याने सांगितला आहे, तो वाचून हसू येते. गुरूने मोठ्या मर्जीने एखाद्याच शिष्याच्या कानात सांगितलेले गुपित, तो शिष्य बोलण्याच्या भरात, वरचढ ठरण्याच्या हौसेने, सर्वांपुढे सांगून टाकतो! माणसाचा स्वभाव चरकाला नाडीइतकाच कळत होता.

या संभाषेचे त्याने दोन प्रकार केले. एक 'विगृह्य', म्हणजे भांडून, समोरच्याला चीत करण्यासाठी केलेली. दुसरी 'संधाय', म्हणजे सलोख्याची. सलोख्याची चर्चा करावी ती जो जाणता आहे, रागीट नाही, मत्सरी नाही, अशा माणसाशी. तेथे निःशंकपणे विचारावे, हरण्याची भीती बाळगू नये, आणि समोरचा हरला तर फुशारकी मारू नये. डॉक्टरांच्या कुठल्याही मंडळाची घटना लिहायची झाली, तर यापुढे आणखी कलमे हवीतच कशाला?

विलायतेतही चांगली मंडळे याच वाटेने गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम गावी 'लूनर सोसायटी' म्हणून एक मित्रमंडळ होते. पौर्णिमेच्या आसपास सभा ठेवायची, म्हणजे रात्री घरी परतताना वाटेवर चांदणे असते, असा व्यवहारी हिशेब. म्हणून नावात चंद्र. त्यांची दर महिन्याला कोजागिरीच म्हणा. त्यात वाफेच्या यंत्राचा जेम्स वॅट होता, रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली होता, आणि चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन व विल्यम विदरिंग हे दोघे डॉक्टर होते. अंगावर पाणी सुटून सूज येते त्या विकारावर एका म्हातारीपाशी झाडपाल्याचे गुप्त औषध होते. विदरिंगने त्यातली खरी गुणकारी पाने फॉक्सग्लव्ह या फुलझाडाची, हे ओळखले, आणि १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात गुण आलेले रोगी त्याने दिले, तसे गुण न आलेलेही दिले. हृदयविकारावरचे 'डिजिटॅलिस' ते हेच. श्रेयावरून त्याचे आणि थोरल्या डार्विनचे पुढे बिनसले. मंडळ म्हटले की विगृह्य संभाषाही आलीच!

आता आपल्याकडे वळू. आम्हा कोकणातल्या लोकांच्या दुखण्याचा शेवटचा मुक्काम आगबोटीच्या काळापासून मुंबई. इथल्या डॉक्टरने मान हलवली, की 'मुंबईस नेऊन दाखवा' हे ठरलेले. तेव्हा आपल्या बाजूच्या डॉक्टरांच्या मंडळांचा इतिहासही मुंबईतच शोधावा लागतो.

मुंबईत १८३५ साली 'मेडिकल अँड फिजिकल सोसायटी' निघाली. ती कंपनी सरकारच्या नोकरीतल्या गोऱ्या डॉक्टरांची. पुढे १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि १८५१ साली एतद्देशीय डॉक्टरांची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात मांद्र्याचे भाऊ दाजी लाड होते आणि आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते. या पिढीचे विशेष हे, की तिला दवाखान्याची चौकट कधी पुरली नाही. भाऊ दाजींनी शिलालेख वाचले, नाणी जमवली, भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयासाठी खपले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आत्माराम पांडुरंगांच्या घरी १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना झाली.

भाऊ दाजींची एक गोष्ट मात्र मनाला चुटपुट लावते. महारोगावर त्यांनी औषध शोधण्याचा ध्यास घेतला होता. ते वापरत ते कडू कवठीच्या बियांचे, असे मागाहून सांगितले गेले. हे झाड आमच्या कोकणचे. त्याच जातीच्या तेलांनी पुढे १९४० च्या सुमारास सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोग्यांवर उपचार झाले. पण औषध कोणते, हे भाऊंनी बराच काळ जाहीर केले नव्हते, आणि १८७४ साली ते गेले. चार समव्यवसायी मित्रांपुढे ते बियांची पुरचुंडी सोडून बसते, तर? वर सांगितलेला चरकाचा विनोद इथे गंभीर होतो. बैठकीत गुपित फुटते, हा बैठकीचा दोष नव्हे, गुण आहे.

१८८३ साल या इतिहासात महत्त्वाचे. त्या वर्षी मुंबईच्या डॉक्टरांनी 'बॉम्बे मेडिकल युनियन' स्थापन केली. हे आपल्या व्यवसायाचे संघटन झाले. देशभराची 'इंडियन मेडिकल असोसिएशन' कलकत्त्यास निघाली ती १९२८ साली, म्हणजे मुंबई तिच्याआधी पंचेचाळीस वर्षे. आणि त्याच १८८३ च्या सप्टेंबरात, १५ तारखेस, त्याच भायखळ्याच्या संग्रहालयात आठ गृहस्थ जमले. किडे, पक्षी, साप, फुले जे ज्याला सापडेल ते त्याने आणून दाखवावे आणि त्यावर बोलावे, एवढाच हेतू. ही 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'. आठांपैकी चौघे डॉक्टर, आणि त्यांत दोन आपले: आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पुढच्याच वर्षी या सभा फिप्सन नावाच्या मद्याच्या व्यापाऱ्याच्या दुकानी भरू लागल्या! आजच्या डॉक्टरांच्या मेजवान्यांना नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुकान मद्याचे होते, पण टेबलावर साप आणि फुलपाखरे होती.

डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची सूची केली आणि 'वैद्यतत्त्व', 'विवाहविज्ञान' अशी पुस्तके मराठीत लिहिली. आपली विद्या डॉक्टरांपुरती कोंडून ठेवली नाही. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे तिने नाकारले आणि तो खटला १८८४ पासून पुढे देशभर गाजला. सखाराम अर्जुन १८८५ सालीच गेले. पण डॉ. ईडिथ पेची या कामा हॉस्पिटलच्या बाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या, आणि १८९४ साली रखमाबाई विलायतेहून डॉक्टर होऊन सुरत-राजकोटकडे बायकांची सेवा करायला आल्या. पुरुषांच्या मंडळांनी ज्यांना खुर्ची दिली नसती, त्यांना एका डॉक्टरीणबाईने हात दिला. हाही व्यवसायबंधुत्वाचा इतिहासच, जरी मंडळांच्या अहवालात तो सापडत नसला तरी.

मग १८९६ चा सप्टेंबर. मांडवीत (आमच्या रत्नागिरीच्या नव्हे, मुंबईच्या) डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी काही रोगी पाहिले आणि हा गाठीचा प्लेग आहे असे सांगितले. असे निदान उच्चारणे म्हणजे बंदराचा व्यापार बुडवणे, शहर रिकामे करणे, शेजारपाजाऱ्यांचे शिव्याशाप घेणे. तरी त्यांनी ते उच्चारले. बाहेरून आलेल्या हाफकीन यांनी प्लेगची लस ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली. मैत्रीच्या बैठकीची खरी परीक्षा अशा वेळी होते: आपल्यातला एकजण कडू खरे बोलला, तर बाकीचे त्याला जवळ करतात की खुर्ची मागे सरकवतात?

ज्याच्या आसपास मंडळ नाही, अशा डॉक्टरने काय करावे? त्याचेही उत्तर कोकणातच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे, पोरे, हृदय आणि फुप्फुसे निकामी होऊन डोळ्यांदेखत जात. त्यांनी रोग्याच्या खाटेपाशी बसून टिपणे केली, ती लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाकडे पाठवली, आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. गंभीर रोग्यांत शंभरी तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. त्यांची तद्विद्यसंभाषा टपालाने चालली होती.

याच बावस्करांना एका तपासणी केंद्राने रोगी पाठवल्याबद्दल बाराशे रुपयांचा धनादेश धाडला. तो त्यांनी परत केला आणि २०१३ साली मेडिकल कौन्सिलकडे तक्रार नोंदवली. आपल्या बोलीत याला 'कट' म्हणतात. व्यवसायबंधूंची मैत्री नासते ती इथे. रोगी मोठ्या डॉक्टरकडे पाठवला तो त्याच्या हाताला यश आहे म्हणून, की पाकिटासाठी, हे रोग्याला कळायचे कसे? औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास, मेजवान्या घेऊ नयेत, असा नियम कौन्सिलने २००९ सालीच केला. असा नियम करावा लागला, यातच सारे आले. मसाला दुधाला कुणाची हरकत नाही; दुधाचे पैसे कोणी दिले, एवढे विचारण्याचा हक्क मात्र रोग्याला आहे.

पण वाचकहो, दोष सगळा त्यांच्याच पदरात टाकून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्याला डॉक्टर हवा तो देवासारखा. 'मला अजून कळलेले नाही, माझ्या मित्राला विचारून सांगतो,' असे तो म्हणाला, की आपण घरी येऊन म्हणतो, 'याला काही येत नाही, दुसरा बघा.' आणि दैवयोगाने माणूस दगावला, तर दवाखान्याच्या काचा फोडणारेही आपल्यातलेच. अशा धाकात निःशंक विचारणे व्हायचे कसे? ज्याला आपल्यापुढे शंका बोलून दाखवता येत नाही, त्याला निदान आपल्या बरोबरीच्या चौघांत तरी ती बोलता आली पाहिजे. अमक्या रोग्याच्या बाबतीत माझे निदान चुकले, असे ज्या बैठकीत म्हणता येते आणि ऐकणारे माना खाली घालून विचार करू लागतात, ती बैठक गावातल्या प्रत्येक घराच्या कामाची आहे. मग तिथे नाट्यगीत बेसूर का होईना!

तेव्हा यंदा आपल्या गावच्या डॉक्टरांचा मेळावा भरला आणि रात्री उशिरापर्यंत दिवे जळताना दिसले, तर त्यांना हसू नका. दुसऱ्या दिवशी दवाखाना तासभर उशिरा उघडला, तर तेवढे सांभाळून घ्या. मात्र ओळखीच्या डॉक्टरसाहेबांना धने-गूळ देताना सहज विचारून ठेवा, 'काय डॉक्टर, काल कुठल्या अवघड रोग्याविषयी बोलणे झाले?' नाव सांगू नका म्हणावे, पण झाले एवढे तरी सांगा. ते खुलून बोलू लागले, तर निर्धास्त राहा; आपले दुखणे चार डोक्यांच्या हवाली आहे.

धन्वंतरीच्या कृपेने हे वर्ष आपणा सर्वांना निरोगी जावो, आणि डॉक्टरांशी गाठ पडली तरी ती फराळाच्या ताटावरच पडो.